पाण्याखालच्या दोन फेऱ्या

४ सप्टेंबर

वर ‘प्रिय’ लिहावं की सरळ सुरुवात करावी, यात चहा गार झाला. तेव्हा सरळ सुरुवात. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून पत्र लिहितेय. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा एक फायदा.

लेक शाळेच्या पोहण्याच्या संघात निवडली गेली. तुला माहीत असेलच. मला सांगायच्या आधी तिने तुलाच फोन केला. मी दातांच्या कवळ्या बनवायच्या लॅबमधून घरी पोचेपर्यंत बातमी शिळी झाली होती, आणि तुझ्या आईंनी ती जिन्यातल्या सगळ्यांना वाटूनही टाकली होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी शाळाशाळांच्या स्पर्धा आहेत. नवा पोहण्याचा पोशाख घेतलाय, तो ती घरातही घालून फिरते.

पण मी लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. हल्ली ती हाकेला ओ देत नाही. जेवताना काही विचारलं तर एक बोट वर करते, थांब म्हणून. ओठ गच्च मिटलेले, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग एकदम भसकन श्वास सोडते आणि म्हणते, “हं, काय म्हणालीस?” तुझ्या आईंना आधी वाटलं पोरीला ऐकू कमी येतंय. मग वाटलं रुसलीय. काल त्या म्हणाल्या, “अगं, ही घरात आहे की नाही तेच कळत नाही. जिवंत माणसाचा काही आवाज असतो.” मी उगाच त्यांच्यावर खेकसले.

असे ओठ मिटायच्या आधी ती भराभरा धापा टाकते, उन्हातलं कुत्रं टाकतं तशा. मग गप्प. शाळेच्या पोहण्याच्या बाई असं शिकवतात का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, “बाईंना काय कळतंय त्यातलं.” मग कोणाला कळतं? रविवारी तुम्ही बापलेक दार लावून फोनवर काय बोलता ते मी आजवर विचारलं नाही. आता विचारतेय. मी घाबरले वगैरे नाही. फक्त कळव.

तुझ्या आईंचा गुडघा बरा आहे. नवरा निघून गेला तरी सून सासूला कशी सांभाळते, असं लोक कौतुकाने विचारतात. त्यावर त्या म्हणतात, “सांभाळतेय मी तिला.” तुझ्या कानावर असावं.

१२ सप्टेंबर

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. “पोर आहे, खेळू दे. तू पहिल्यापासून पाण्याला भितेस आणि प्रत्येक गोष्टीचा बाऊ करतेस.” पाण्याला मी भिते हे खरं. का भिते ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

मंगळवारी लॅबमधून लवकर निघाले आणि तलावावर जाऊन बसले. वर लोखंडी बाकं आहेत, तिथे आया बसतात, कोणाची पोर कोणाच्या पुढे गेली यावरून एकमेकींना गोड बोलत टोचतात. मी कोपरा धरला. आपली बेडकी छान पोहते. हे मी तुझ्याशी कबूल करते. पाणी तिच्या अंगावरून सरकतं, आणि बाकीच्या पोरी पाण्याशी मारामारी करतात. मला अभिमान वाटला.

सराव संपला. बाई फळकुटं आणि शिट्ट्या ठेवायला मागच्या खोलीत गेल्या. त्या वळल्या मात्र, सगळ्या पोरी भिंतीपाशी जमल्या आणि धापा टाकायला लागल्या. सगळ्या एकदम, एका सुरात. मग एकेकीने डोकं खाली घातलं आणि शिडीचा खालचा दांडा धरून तळाशी जाऊन बसल्या. त्यांचा नियम असा की जी सर्वांत शेवटी वर येईल तिने दुसऱ्या दिवशी पोहायची रांग आधी निवडायची. वरच्या आया आपापल्या गप्पांत. पाणी एकदम सपाट झालं, जणू तिथे कोणी नव्हतंच.

एक आली. मग दोघी बरोबर. मग एक खोकत. मी मोजत नव्हते, मी नुसती पाण्याकडे बघत होते. सगळ्या वर आल्या, आपली आली नाही. पोरी खिदळत होत्या, “पाणबुडी जिंकली, पाणबुडी जिंकली.” मी कधी उठले, चपला घालून ओल्या फरशीवर कशी गेले, काही आठवत नाही. काठावर गुडघे टेकले आणि ओरडले. तेव्हा ती वर आली. ओठ जांभळे, आणि चेहऱ्यावर हसू. मला बघितलं आणि हसू गेलं. “आई, सगळ्यांसमोर?” एवढंच म्हणाली. घरी येताना ती माझ्या पुढे चालत होती, ओळख नसल्यासारखी.

जेवण झाल्यावर मी विचारलं, धापा टाकायला कोणी शिकवलं. “बाबांनी,” ती म्हणाली. “बाबा तसं करून तलावाच्या दोन फेऱ्या पाण्याखालून गेले होते. एकदाही वर न येता. त्यांच्या अख्ख्या तुकडीत कोणाला जमलं नव्हतं.”

ती गोष्ट मला चांगली माहीत आहे. मी तुझे कपडे हातात धरून काठावर उभी होते. आपलं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तू पाणबुड्याचं काम शिकत होतास आणि सोबत्यांशी पैज लागली होती. धापा टाकल्यास, बुडी मारलीस, एक फेरी झाली, दुसरी अर्ध्यावर आली, आणि तुझे हात थांबले. तू बुडायला लागलास असंही वाटलं नाही. नुसता थांबलास. दोघांनी उडी मारून तुला ओढून काढलं तेव्हा तुझा चेहरा आमच्या लॅबमधल्या प्लास्टरच्या रंगाचा होता. डॉक्टर काय म्हणाले ते आपण दोघांनी ऐकलं होतं: धापा टाकून छातीत जास्त हवा मावत नाही, फक्त शरीर फसतं. श्वास हवाय हे त्याला कळत नाही, आणि मग काही न कळवता दिवा विझतो. त्या दिवशी तू माझा हात धरून म्हणालास, कोणाला सांगू नको, मला पुन्हा पाण्यात उतरू देणार नाहीत. मी आजवर सांगितलं नाही. तुझ्या आईंनाही नाही.

आणि तू पोरीला त्यातला पहिला अर्धा सांगितलास. वर दुसरी अर्धी फेरी पदरची घातलीस.

मला बाकी काही नको. येत्या रविवारी फोन करशील तेव्हा तिला उरलेलं सांग. ते माझ्या तोंडून नको, तुझ्या तोंडून हवं. तुझा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मी घाबरले आहे.

१९ सप्टेंबर

रविवारी तू फोन केलास आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिलास. नंतर तुझं पत्र आलं. ते मी दोनदा वाचलं. “ती एकटीच आहे जिच्या नजरेत मी अजून कोणीतरी आहे. तेवढं तरी राहू दे.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग त्याच पाण्याचा राग आला.

तू गप्प बसलास म्हणून मी बाईंकडे गेले. गोष्ट तुझी सांगितली नाही, फक्त पोरींचा खेळ सांगितला. बाई पांढऱ्याफटक पडल्या. दुसऱ्या दिवसापासून शेवटची पोर पाण्याबाहेर आल्याशिवाय त्या काठ सोडत नाहीत. खेळ बंद झाला, आणि चुगली कोणाच्या आईने केली तेही संघात सगळ्यांना कळलं. आपल्या लेकीबरोबर आता कोणी डबा वाटून खात नाही. मला पोरींनी ‘शिट्टी’ नाव ठेवलंय. ते नाव मला आवडलं, पण हे तिला सांगायची सोय नाही.

मग मी तिला सगळं सांगून टाकलं. तुला दिलेला शब्द मोडला. तुझे हात कसे थांबले, रंग कसा होता, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आई, तू बाबांबद्दल शेवटचं चांगलं कधी बोलली होतीस?” मी आठवायला लागले. तिने वाट पाहिली. मी अजून आठवतच होते, तोवर ती उठून गेली. इतकी वर्षं तुझ्या नावाने बोटं मोडली त्याचं हे फळ. खरं सांगायची वेळ आली तेव्हा माझं नाणं घरात चालेना.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

तलावावर बंदी आल्यावर ती घरी करणार हे तुझ्या आईंनी ओळखलं. त्यांनी नियम केला की बाथरूममध्ये असेपर्यंत मोठ्याने गाणं म्हणत राहायचं. गाणं थांबलं की दार ठोठावणार. त्या स्वतः बाहेर स्टूल टाकून बसायच्या. पोरगी कुरकुरली, पण गायला लागली. शाळेतलंच एक गाणं, बेसूर, अंगात आल्यासारखं मोठ्याने. मला वाटलं, सुटलो. मी आत भांडी घासत चक्क तिच्या सुरात सूर मिळवत होते.

बुधवारी गाणं चालू असताना तुझ्या आई उठून स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, “अगं, तिला त्याच शब्दावर ठसका लागला.”

“कुठल्या?”

“मघाशी लागला होता त्याच. ठसकाही तोच आहे.”

माझ्या आधी त्या धावल्या, तो गुडघा घेऊन. दार आपटून कडी निघाली. खिडकीत फोन ठेवलेला, त्यात तिचं गाणं चाललेलं. आणि ती त्या पिवळ्या प्लास्टिकच्या टबापुढे गुडघ्यावर, डोकं पाण्यात. मी खांदा ओढला तेव्हा ती माझ्या अंगावर कलंडली. डोळे उघडे होते पण ती त्यांत नव्हती. हनुवटी टबाच्या काठावर आपटून फुटली होती. तुझ्या आई तिच्या पाठीवर थापा मारत होत्या आणि मी तिचं नाव घेत होते, आणि खिडकीतून तिचंच गाणं चालू होतं. ते कोणालाच बंद करायचं सुचलं नाही.

ती परत आली. घाबरू नको, आली. पाणी ओकली, रडली, हनुवटीला टाके पडले. डॉक्टरांनी सगळं तपासलं, ती ठीक आहे. गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिने पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? “बाबांना सांगू नको.”

तुझेच शब्द, तुझ्याच आवाजात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. आपल्याकडे आडात जे आहे तेच पोहऱ्यात आलंय.

काल लॅबमध्ये मी एका कवळीला खालचे दात वर बसवले. मालकांनी कवळी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “घरी जा.” मी घरी आले आणि तिच्या खोलीच्या दारात बसून राहिले. ती अभ्यास करत होती. पान उलटल्याचा आवाज आला की मला श्वास येत होता.

तू तिच्या नजरेत कोणीतरी राहशील रे. पण नजर राहायला पोर राहायला हवी. फोन कर आणि सांग. आता लगेच.

२५ सप्टेंबर

तू फोन केलास. तू जे केलंस ते सोपं नव्हतं, हे मी मान्य करते. मी स्वयंपाकघरात नळ बंद करून उभी होते. पलीकडून तुझं बोलणं ऐकू येत नव्हतं, तिचं फक्त “हं” येत होतं. शेवटी तिने विचारलं, “आणि मग? कोणी काढलं?” तेव्हा मला कळलं की तू सांगतोयस.

त्यानंतर तिने जे विचारलं ते मला सुचलं नव्हतं. “आता करता का बाबा तसं? अजून?”

तू काय म्हणालास ते तिने नंतर मला सांगितलं. कधीतरी. तुमच्या बंदराच्या धक्क्याच्या खांबाखाली हत्यार पडलं आणि हवेची नळी लावायला वेळ नसला की, किंवा सोबत्यांची पैज लागली की. तसं काही विशेष नाही.

तू खोटं बोलला असतास तरी चाललं असतं असं मला क्षणभर वाटलं. मग वाटलं, नको. एकदा खरं बोलायला बसलास तर पुरतं बोललास, यासाठी तुझा मान ठेवायला हवा. पण काय करून ठेवलंस ते ऐक.

तिने धापा टाकणं सोडलं. त्याच दिवशी सोडलं, अगदी खरं. तुझ्या आईंचं स्टूल बाथरूमच्या दारातून उठलं. आता ती जेवताना बोलते, हाकेला ओ देते, आणि प्रत्येक ओ नंतर विचारते, “बाबा आत्ता वर असतील का खाली?” मी म्हणते, वर. ती म्हणते, “तुला काय माहीत?” खरंच, मला काय माहीत? शाळेतून आल्यावर दप्तरही न काढता फोन बघते. पाण्यात उतरली तर तोंड बुडवत नाही. बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या की स्पर्धा तोंडावर आहे आणि तुमची लेक म्हातारीसारखी मान वर काढून पोहते.

तू तिला वचन दिलंस की पुन्हा करणार नाही. ती मला म्हणाली, “मी पण आजीला गाणं ऐकवत होते ना?” मग ती म्हणाली, “तू आमच्या बाईंना सांगितलंस तेव्हा बंद झालं. मी नुसतं वचन देऊन काही झालं नसतं. बाबांच्या बाईंना कोण सांगणार?”

तुमच्याकडे बाई नसते, मुकादम असतो, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “मग मुकादमाला.”

तिची अट अशी आहे, मी माझ्याकडून काही वाढवत नाहीय. तू स्वतः मुकादमाला सगळं सांगायचंस, ती जुनी गोष्टही आणि आताच्या पैजाही. आणि शनिवारी त्याला शेजारी घेऊन फोन करायचास. तिला त्याचा आवाज ऐकायचाय. तो म्हणाला पाहिजे की मी लक्ष ठेवीन. मी समजावलं की त्याने बाबांना कामावरून काढलं तर? “मला पण संघातून काढलं असतं,” ती म्हणाली. “तरी तू सांगितलंस.”

मी तिच्या बाजूने आहे. तू म्हणशील ही आधीपासूनच तिच्या बाजूने असते, तर म्हण. नळी लावून काम कर, म्हातारा होईपर्यंत कर. नाहीच ठेवलं कोणी कामावर तर जमिनीवरचं काहीतरी शोधू. ‘शोधू’ लिहून गेले, आता खोडत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

शनिवारी फोन आला नाही.

आम्ही तिघी दिवसभर घरात होतो. तुझ्या आईंनी घरच्या फोनच्या जवळून कोणाला जाऊ दिलं नाही, चालताना तार निघेल म्हणून, आणि त्या फोनला तारच नाही. मी तुम्ही कामगार राहता त्या मुक्कामावर फोन लावून पाहिला. तीनदा कोणी उचलला नाही, चौथ्यांदा एका पोराने उचलला आणि म्हणाला सगळे कामावर आहेत, वारा आहे, उशीर होतोय. तू कामावर आहेस का विचारलं तर म्हणाला, “असतील, बाई. बघतो.” बघून आला नाही. लाइन तशीच कट झाली.

स्पर्धेला जायचं नाही म्हणत होती. तुझ्या आईंनी तिचा टॉवेल माझ्या हातात दिला आणि तिला म्हणाल्या, “तू इथे बसून तो वर येणार आहे का? जा, पोहून ये. मी बसते इथे.” म्हणून गेलो.

बाकावर मी यावेळी पुढच्या रांगेत बसले. शिट्टी वाजली. सगळ्यांनी सूर मारला, आपली पाण्यात उतरली. प्रत्येक हाताला मान वर काढत होती, प्रत्येक वेळी तोंड उघडून पुरता श्वास घेत होती, आणि प्रत्येक वेळी तिची नजर बाकावर माझ्या हातातल्या माझ्या मोबाइलकडे होती. मागून कोणाची तरी आई म्हणाली, “अरे, हिला झालं काय? ही तर पहिली येणार होती.” ती शेवटून दुसरी आली. बाईंनी डोक्याला हात लावला. मी मात्र ती अख्खी शर्यत तिचं तोंड पाण्याबाहेर बघत होते, आणि शपथेवर सांगते, इतकी सुंदर शर्यत मी पाहिली नाही.

काठ धरून तिने वर पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. ती बाहेर आली, टॉवेल घेतला नाही. पाणी गळत तशीच माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मग आता आपण कोणाला सांगायचं, आई?”

मला कळत नाही कोणाला सांगायचं. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघी निघतोय. तुझ्या आई घरी फोनजवळ थांबतील. हे पत्र आज टाकतेय, कारण कदाचित ते आमच्या आधी पोचेल, आणि कारण टाकल्याशिवाय मला बसवत नाही. तू सोडून गेलास तेव्हा एक गोष्ट बरी झाली होती, तुझी काळजी करण्यातून माझी सुटका झाली होती. निदान मला तसं वाटत होतं.

धक्क्यावर आलो की ती तुला हाक मारेल. तू कितीही रागावलेला अस, मुकादमाला सांगितलं नसशील तरी चालेल, पैज हरला असशील तरी चालेल. तिच्या पहिल्या हाकेला ओ दे.